भांगातली मुडदुशी

मित्रांनो, गळाची काठी म्हणून कुणी जन्माला येत नाही. माझं मूळ गोदाकाठच्या वेळूच्या बेटात आहे. कुंडलिकनं मला तोडलं, तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटत होतं. त्यानं मला विस्तवावर शेकून सरळ केलं, करडईचं तेल चोळलं आणि शेंड्याला दोरा बांधून गळ अडकवला. त्या गळावर ज्वारीच्या धांड्याचा तरंगा असे. तरंगा बुडाला की कुंडलिक मनगटाला एक झटका देई आणि मासा हवेतून थेट गवतात पडे. सगळा घाट त्या झटक्याचं कौतुक करी. ते ऐकून मला वाटे, नदीला आपल्यासारखं दुसरं कुणी नसेल.

पुढे धरण झालं. गाव पाण्याखाली गेलं, घाट गेला, वेळूचं बेटही गेलं. कुंडलिक, त्याची बायको सोनूबाई आणि तान्ही शकु मुंबईला आली. विक्रोळीच्या एका कारखान्यात त्याला काम लागलं आणि चाळीत खोली मिळाली. सामानातून मीही आले होते. खोलीत मला आडवं ठेवायला जागा नव्हती, म्हणून मी दाराआड उभी राहिले. वर्षांमागून वर्षं गेली. माझ्या टोकाला फडकं बांधून सोनूबाई कोळिष्टकं काढी. पावसाळ्यात माझ्यावर कपडे वाळत. कुंडलिक मात्र दर दिवाळीला मला तेल लावी. का लावतो, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. त्या गावातलं एवढंच पाण्याबाहेर राहिलं होतं.

मग त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीच्या सुमाराला घरात टीव्ही आला. चित्रापेक्षा मुंग्याच जास्त दिसत. शकु आता कॉलेजात जात होती. तिनं सांगितलं की अँटेना उंच लावली पाहिजे. सोनूबाईची नजर दाराकडे, माझ्यावर गेली. छपरावर ऊनपावसात उभं राहिलं की वेळू दोन वर्षांत फुटून जातो.

कुंडलिक नाही म्हणाला. सोनूबाईनं हात कमरेवर ठेवले.

"गळाची काठी, गळाची काठी म्हणता. मुंबईत आल्यापासून हिला एक शेपूट तरी लागलंय का? येत्या रविवारी एक मासा पकडून दाखवा. नाहीतर सोमवारी ही वर."

"चालेल," कुंडलिक म्हणाला. समुद्रात गळ कसा टाकतात, ते त्याला ठाऊक नव्हतं.

ही गोष्ट चाळभर झाली. शेजारचा जयवंत मालवणकडचा. कुंडलिकच्याच खात्यात कामाला होता आणि डबाही त्याच्याच शेजारी बसून खाई. संध्याकाळी नळावर तो आपुलकीनं म्हणाला, "कुंडलिकभाऊ, ह्या आयतवारी जाव नका. भांग आसा. मासो गावचो नाय."

कुंडलिकनं बादली खाली ठेवली. त्याच्या घरात कुणी सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नसे. "जयवंतराव, तुमची भांग तुम्हाला लखलाभ," तो म्हणाला. "आमच्या घरात असली थेरं चालत नाहीत."

जयवंतला हसू फुटलं आणि ते काही केल्या आवरेना. त्या हसण्यानं सगळं बिघडलं. कुंडलिक दुसऱ्या दिवसापासून डबा वेगळा बसून खाऊ लागला.

रविवारी आम्ही निघालो. बसच्या कंडक्टरनं माझ्याकडे बघून विचारलं की हिचं अर्धं तिकीट काढू की पूर्ण. बोरीवलीहून पुढं खाडी नावेतून ओलांडली आणि गोराईच्या किनाऱ्यावर पोचलो. तिथं सुरूच्या झाडांखाली लोकांना बसायला बाग केली होती. बाकं होती, भेळवाला होता, सहलीला आलेली कुटुंबं होती. समोर समुद्र होता. मित्रांनो, मी घाबरले. नदीला दुसरा काठ असतो. इथं समोर काहीच नव्हतं.

कुंडलिक मात्र गोदावरीच्या घाटावर बसावं तसा वाळूत उकिडवा बसला. गळाला कणकेची गोळी लावली, धांड्याचा तरंगा नीट केला आणि मला पुढं धरलं. लाट आली, तरंगा उचलला आणि त्याच्याच दोन पायांत आणून ठेवला. त्यानं पुन्हा टाकला, लाटेनं पुन्हा आणून दिला. कणीक तर पाण्यात केव्हाच विरघळली होती. बाकावरचा एकजण भेळ खात म्हणाला, "काका, मासा मागच्या बाजूला बसलाय, तिकडं टाका."

बागेत हशा पिकला. सोनूबाई भाकरीचं गाठोडं घेऊन पलीकडच्या बाकावर बसली होती. मला वाटलं, तीही हसणार. तिची पैज तर जिंकल्यातच जमा होती. पण ती उठली आणि त्या माणसासमोर जाऊन उभी राहिली. "तुम्ही भेळ खा, भाऊ. त्यांना त्यांचं काम करू द्या." तो माणूस मुकाट्यानं भेळ खाऊ लागला.

जवळच सुगंधा नावाची एक कोळीण वाळू उकरून तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, वेचत होती. तिला राहवलं नाही. "दादा, आज भांग हाय," ती म्हणाली. "पानी वर चढायचं नाय."

कुंडलिक झटकन वळला. "काय आहे म्हणालात?"

तिनं हातातल्या शिंपल्यानं वाळूत रेघ ओढून समजावलं. अमावस्या-पुनवेला पाणी फुगतं, लांबवर चढतं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास पाणी मंद असतं, फार चढत नाही आणि फार उतरतही नाही, तो भांग. त्या दिवसांत मासा कमी लागतो.

कुंडलिकनं मला वाळूवर ठेवलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, जयवंत पाण्याचं सांगत होता."

"तरी मी म्हणत होते," सोनूबाई म्हणाली, "शनिवार पाळणारा माणूस तो, भांग कशाला पिईल?" आणि मग ती दोघंही हसत सुटली.

सुगंधानं पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं. पण कुंडलिकचा शब्द आजच्या दिवसाचा होता. त्यानं थोडा विचार केला आणि विचारलं, "बाई, भांगात मासा उपाशी राहतो का?"

"उपाशी कशाला राहील? मुडदुशी वाळूच्या खळग्यात पडून असते. लांब जात नाय, इतकंच."

एवढं त्याला पुरलं. त्यानं तरंगा काढून टाकला. सुगंधानं जाळ्याच्या शिशाचा एक मणी दिला, तो दोऱ्याला बांधला. गळाला तिसरीचं मांस लावलं. धोतर वर खोचून तो पाण्यात शिरला आणि पावलांनी तळ चाचपू लागला. गुडघाभर पाण्यात वाळूचा उंचवटा लागला आणि त्याच्या पुढं पाय एकदम खाली गेला. तिथंच त्यानं गळ सोडला.

लाटा माझ्या अंगावर आपटत होत्या. खारं पाणी माझ्या पेरापेरांतून झिरपत होतं. पण हातात धरणारा हलत नव्हता, मग मी कशी हलणार? बऱ्याच वेळानं शेंडा थरथरला. कुंडलिकनं लगेच आपला जुना झटका दिला. गळ रिकामा वर आला. पुन्हा मांस लावलं, पुन्हा थरथर, पुन्हा झटका, पुन्हा रिकामा गळ. ज्या झटक्याचं मला आयुष्यभर कौतुक वाटलं, तोच माशाच्या तोंडातून गळ काढून घेत होता. मला ते कळत होतं, पण बोलता येत नव्हतं. ऊन कलू लागलं. बागेतली माणसं चटया गुंडाळू लागली.

सोनूबाई काठावरून हाका मारत होती. शेवटी तीच पाण्यात आली. "दोन घास खाऊन घ्या. मी धरते. नुसतं धरायचंच आहे ना?"

त्याचे हात आखडले होते. त्यानं मला तिच्या हाती दिलं. ती लुगडं खोचून, मुसळ धरावं तशी मला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.

शेंडा वाकला. सोनूबाईला झटका माहीतच नव्हता. तिनं मूठ आवळली आणि अडेल वासराला दावं धरून ओढावं तशी पाठमोरी काठाकडे चालू लागली. मी कमानीसारखी वाकले. शेंड्याजवळ कट्‌ असा आवाज झाला. मी उकलले होते. पण दोऱ्यावरचा ताण काही तिनं सैल होऊ दिला नाही. लाटेतून, फेसातून वाळूवर आली ती वीतभर लांबीची, रुपेरी मुडदुशी.

कुंडलिक हातातली भाकरी तशीच धरून धावत आला. माशाकडे बघून झालं, मग बायकोकडे बघितलं. "मासा तू पकडलास," तो म्हणाला. "पैजेचं काय ते आता तूच ठरव."

सोनूबाईला धाप लागली होती. लुगडं छातीपर्यंत भिजलं होतं. तिनं मला अजून सोडलं नव्हतं.

"अँटेनाला नळी आणा उद्या," ती म्हणाली. "आणि घरी गेलं की आधी जयवंतरावांची समजूत काढा. पुढच्या रविवारी उधाण असेल, तर त्यांनाही म्हणावं चला."

मित्रांनो, त्यानंतर कित्येक रविवार मी समुद्र पाहिला. माझ्या उकललेल्या शेंड्यावर कुंडलिकनं मेण लावून सुती दोरा घट्ट गुंडाळला आहे. किनाऱ्यावरून परतलं की सोनूबाई आधी मला गोड्या पाण्यानं पुसते आणि मगच स्वतःचे पाय धुते. दाराआडच्या त्या इतक्या वर्षांत मी आतून जेवढी वाळले, तेवढी खाऱ्या पाण्यानं कधी झिजले नाही. तुमच्याही घरात दाराआड कुणीतरी उभं असेल. त्याची धूळ पुसा, हे तर मी सांगतेच. पण पुसून झाल्यावर त्याला तिथंच परत ठेवू नका. हातात घ्या आणि बाहेर न्या.