मिसर देशातली दोन दिवसांची सुटी

मनकर्णाबाईंचा मुलगा जगदेव महायुद्धाच्या काळात फौजेत, पार मिसर देशात होता. त्याचं पत्र आलं की आसेगावच्या शाळेतले गुरुजी ते ओसरीवर बसून वाचून दाखवायचे.

"माय, पुढच्या महिन्यात दोन दिवसांची सुटी भेटन. आपल्या घरी येनारा मंगरूळपीरचा रहीमखान अन् मी वाळवंटातले जुन्या राजायचे मकबरे पाहू. निवांत उंटावर फिरू. रहीमनं हलाल जेवनाची खानावळ हेरून ठेवली हाये. तू हो म्हनशील तरच जातो."

"मुसलमानाच्या हातचं जेवन?" मनकर्णाबाई कडाडल्या.

"बाई, आपल्या गावातलं बकरंही मुल्लाच कापते ना?" गुरुजी म्हणाले.

"कापू द्या! चूल तं आपली असते! लिहा, तिथं जेवला तं या घरात पाय ठेवू नोको. छावनीतच राह्य."

गुरुजींनी मान खाली घालून लिहिलं.

चार महिन्यांनी, पुढच्या एका लढाईत पाय जायबंदी झालेला रहीमखान कुबडी टेकत अंगणात आला. जगदेव गेल्याची तार आधीच येऊन गेली होती. तो कसा गेला, ते रहीमनं सांगितलं. सुटीत रहीम एकटाच मकबरे पाहायला गेला आणि त्याच दिवशी छावणीवर बॉम्ब पडले.

"मी लय म्हटलं, मावशी. तो म्हने, माय नाही म्हनते."

मनकर्णाबाईंनी विचारलं, "काय होतं तिथं जेवाले?"

"मसुरीची दाळ अन् रोटी."

रहीमनं नेहमीसारखा वळचणीला खोचलेला, त्याच्यासाठी वेगळा ठेवलेला पेला काढून पुढं धरला. मनकर्णाबाईंनी तांब्या उचलला आणि नेहमीसारखंच, पेल्याला न शिवता, वरून पाणी ओतलं.