थरथर कोणाची?

मी एक जुनी मोटारसायकल आहे. वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणी गावात, पुंडलिकरावांच्या अंगणात मी राहते. कधीकाळी मी काळीभोर होते. आता काही ठिकाणी काळी आहे आणि काही ठिकाणी राखाडी. मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव संशयी आहे. कोणी पाना घेऊन जवळ आलं की हा आता काय उघडणार, आणि उघडलेलं नीट परत बसवणार का, याचीच मला धास्ती वाटते.

हा स्वभाव काही जन्मापासूनचा नाही. दूर दक्षिणेतल्या एका कारखान्यात मी तयार झाले तेव्हा सगळ्यांवर माझा भरवसा होता. लांबच्या प्रवासासाठी मला बनवलं होतं. रुंद सीट, मोठी टाकी आणि दिवसभर न थकता चालणारं इंजिन. माझे पहिले मालक नागपूरचे. त्यांनी मला पुष्कळ फिरवलं. पण विकायची वेळ आली तेव्हा ते मला एका गॅरेजात घेऊन गेले. माझं हँडल मानेशी सैल झालं होतं. तिथल्या माणसाने आत काय झिजलंय ते पाहिलंच नाही. नट आवळला आणि वरून पॉलिश मारलं. आतलं दुखणं तसंच ठेवून मी चकचकीत दिसू लागले. तेव्हापासून मी कोणावर पटकन विश्वास ठेवत नाही.

पुंडलिकरावांनी मला घेतलं ते फिरण्यासाठी. ते आणि त्यांची बायको गोपिकाबाई शेतात वांगी, टमाटे, सांभार म्हणजे कोथिंबीर लावतात आणि सेलूच्या बाजारात विकतात. भाजी बाजारात न्यायला गोपिकाबाईंची मोपेड होती. मला मात्र शेतीच्या कामाला कधी लावलं नाही. हंगामातून थोडी मोकळीक मिळाली की पुंडलिकराव माझ्या मागच्या लोखंडी कॅरिअरवर सामान बांधायचे आणि दोघं निघायचे. रामटेक, चिखलदरा, मुक्तागिरी, एकदा तर थेट पचमढी. बसस्टँडवर लोक विचारायचे, "पुंडलिकराव, आता कोनीकडे?" ते नुसते हसायचे. त्या वर्षांत मला फार मान होता.

मग रस्ते बदलले. खड्डे गेले आणि सिमेंटचे रुंद, गुळगुळीत रस्ते आले. वेग वाढला आणि माझं दुखणं बाहेर पडलं. एका ठरावीक वेगाला पोचलं की माझं हँडल थरथरायचं. उताराला जास्त. मागे सामान असलं तर आणखी जास्त. पुंडलिकराव मुठी घट्ट आवळायचे. ते जितकं आवळायचे तितकी मी बिथरायचे.

त्यांनी ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. चहाच्या टपरीवर थांबले की ते कप दोन्ही हातांनी धरायचे. गोपिकाबाई त्या कपाकडे बघायच्या, मग माझ्या हँडलकडे बघायच्या. त्या काय ओळखून आहेत याचा पुंडलिकरावांना संशय होता. ते काय लपवतात याचा गोपिकाबाईंना संशय होता. आणि दोघं मिळून मला विकणार, असा मला संशय होता.

चिखलदऱ्याहून परत येताना तळेगावच्या घाटात ते घडलं. उतार होता, मागे भरपूर ओझं होतं. हँडल आधी थरथरलं, मग डावी-उजवीकडे जोरात आपटू लागलं. पुंडलिकरावांनी मला कसंबसं रस्त्याच्या कडेला आणलं, पण मुरमावर चाक घसरलं आणि आम्ही तिघं पडलो. पुंडलिकरावांना खरचटलं. गोपिकाबाईंच्या मनगटाचं हाड मोडलं.

दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी रंजिता वर्ध्याहून आली. ती तिथे शाळेत शिकवते. आईचं प्लास्टर पाहून तिने वडिलांना विचारलं, "बाबा, गाडी कशी काय पडली?"

"हँडल हालून राह्यलं होतं," पुंडलिकराव म्हणाले.

"हँडल का हात?"

पुंडलिकरावांनी हात मांडीखाली दाबून धरला. मी अंगणातून ते पाहिलं. रंजितानेही पाहिलं.

"मले मागच्या दिवाळीपासून दिसून राह्यलं," ती म्हणाली. "तुमचा हात कापते. आई, तुलेही माहीत हाये. मंग काऊन लपवता तुम्ही?"

"मी काई लपवत नाई," गोपिकाबाई म्हणाल्या. पण हे बोलताना त्यांनी मुलीकडे पाहिलं नाही.

रंजिताने माझी किल्ली काढून आपल्या पर्समध्ये टाकली आणि ती वर्ध्याला निघून गेली.

मला गोठ्याच्या कोपऱ्यात ढकललं गेलं. अंगावर फाटकी ताडपत्री आली. एक कोंबडी माझ्या सीटवर बसू लागली आणि तिला कोणी हाकललं नाही. पुंडलिकराव रोज सकाळी यायचे. ताडपत्री बाजूला करून हँडलवर हात ठेवून उभे राहायचे. आधी वाटायचं, ते मला धीर देतात. मग कळलं, ते स्वतःचे हात तपासत होते. मी जागच्या जागी उभी होते, इंजिन बंद होतं. आता थरथर जाणवली तर ती माझी नसणार, हे त्यांना ठाऊक होतं. पण मुठी इतक्या घट्ट धरायचे की त्यांनाही काही कळत नव्हतं आणि मलाही.

एके दिवशी आर्वीहून एक गिऱ्हाईक आलं. रंजितानेच वडिलांना न विचारता त्याला माझा फोटो पाठवला होता. हे कळल्यावर पुंडलिकरावांचा चेहरा उतरला. आपल्याच मुलीने आपल्यामागे हे करावं, याचं त्यांना वाईट वाटलं. गिऱ्हाइकाने माझा पुढचा ब्रेक दाबून मला मागेपुढे हलवलं. माझ्या मानेतून टक टक आवाज आला.

"पुढून खेळते, ढिली हाये हे गाडी," तो म्हणाला. "अशी गाडी मी नाई घेत."

पुंडलिकराव ताठ झाले. "आयकलं? मी का म्हणत होतो?"

त्या दिवशी रंजिता घरीच होती. "घ्यायचं नसलं का गिऱ्हाईक असंच बोलते, बाबा."

गोपिकाबाई वांग्यांची टोपली खाली ठेवून पुढे आल्या. हाताचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं.

"तुमी दोघं भांडू नका," त्या म्हणाल्या. "गाडी थरथरते का हात थरथरते, हे मले पाह्यचं हाये. हाड तं माह्यं मोडलं. प्रेमदासकडे नेऊ अन् उघडून पाहू. गाडी बरोबर निंगाली तं ईकून टाका. मी अडवनार नाई."

रंजिताने पर्समधून किल्ली काढून आईच्या हातात दिली.

सेलूला प्रेमदासचं गॅरेज आहे. तिघांनी मला टेम्पोत घालून तिथे नेलं. गॅरेज पाहताच मला पुन्हा तेच होणार, नट आवळणार आणि पॉलिश मारणार, असं वाटलं. गोपिकाबाईंनाही तसंच वाटलं असावं, कारण त्या स्टूल ओढून तिथेच बसल्या.

"मावशी, तुमी घरी जा, मी फोन करतो," प्रेमदास म्हणाला.

"नाई. तू काम कर. मी बसतो."

प्रेमदासने माझ्या इंजिनाखाली लाकडी ओंडका सरकवून पुढचं चाक अधांतरी केलं. मग हँडल हळूहळू एका बाजूने दुसऱ्या बाजूला फिरवलं. बरोबर मध्यावर येऊन ते अडकलं, जसं चाक खळग्यात बसावं. त्याने रंजितालाही तसंच करून पाहायला सांगितलं. तिने एकदा फिरवलं, दोनदा फिरवलं, आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

मान उघडली तेव्हा आतल्या बेअरिंगचे छर्रे गंजून चपटे झालेले दिसले. ज्या वाट्यांत ते फिरतात, तिथे खळगे पडले होते. पुढचं चाक ज्या दोन नळ्यांवर वरखाली होतं, त्या शॉकअपांपैकी डावीकडच्यातलं तेल गळून गेलं होतं. म्हणजे खड्ड्यात माझा एक पाय आधी बसायचा आणि दुसरा मागून. टायर वरून चांगला दिसायचा, पण प्रेमदासने त्यावर गोपिकाबाईंचा तळवा फिरवून घेतला तेव्हा तो उंचसखल लागला.

"अन् हे लोखंडी कॅरिअर," प्रेमदास म्हणाला. "सारं ओझं मागच्या चाकाच्याही मागे. मंग पुढून गाडी हलकी होते, रस्ता धरत नाई."

पुंडलिकराव भिंतीला टेकून उभे होते. रंजिता त्यांच्याजवळ गेली आणि म्हणाली, "बाबा, चुकलं माझं." त्यांनी मान हलवली. पण त्यांच्या चेहऱ्यावर हवा तेवढा आनंद मला दिसला नाही आणि मला ते खटकलं.

नवे छर्रे आणि नव्या वाट्या बसल्या. दोन्ही शॉकअपांत नवं तेल सारख्या मापाने पडलं. नवा टायर आला, चाकाचे आरे ताणून चाक सरळ केलं गेलं. कॅरिअर निघालं आणि सीटच्या दोन्ही बाजूंना खाली कापडी थैल्या आल्या. मी प्रेमदासच्या प्रत्येक हालचालीवर नजर ठेवून होते. मान आवळताना तो थोडं आवळायचा, हँडल फिरवून बघायचा, पुन्हा थोडं आवळायचा. हँडल स्वतःच्या वजनाने अलगद दोन्हीकडे पडू लागलं तेव्हा त्याने पाना खाली ठेवला. माझ्या मनातला संशय बराच कमी झाला.

आधी प्रेमदासने मला बोर धरणाच्या रस्त्यावर पळवलं. जिथे मी थरथरायचे त्या वेगाला पोचले, तो वेग ओलांडला, आणि काहीच झालं नाही. मी दोरी ताणल्यासारखी सरळ गेले. मग पुंडलिकराव बसले आणि मागे गोपिकाबाई. रंजिता आणि प्रेमदास स्कूटरवर मागून येत होते.

मित्रांनो, त्या रस्त्यावर मला जे जाणवलं ते मी कधी विसरणार नाही. माझं अंग शांत होतं. चाक शांत, मान शांत. आणि त्या शांततेत उजव्या मुठीतून एक बारीक थरथर येत होती. ती खालून वर जात नव्हती. ती वरून खाली येत होती.

पुंडलिकरावांनाही ती कळली. इतके दिवस माझ्या थरथरीत ती लपून जात होती. आता तिला लपायला जागा नव्हती. धरणाच्या अलीकडे त्यांनी मला सागाच्या झाडाखाली उभं केलं आणि इंजिन बंद केलं. स्कूटरही येऊन थांबली.

"काय झालं, काकाजी? हँडल हाललं?" प्रेमदासने विचारलं.

"नाई. गाडी एकदम बरोबर हाये," ते म्हणाले. मग त्यांनी उजवा हात सगळ्यांसमोर धरला. तो हलत होता. "रंजिता, तू खरं बोलली होती. मीही खरं बोललो होतो. दोन्ही थरथरत होतं."

रंजिताच्या डोळ्यांत पाणी आलं. गोपिकाबाईंनी तो हात आपल्या हातात घेतला. "मले माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तुमी कधी सांगता, याचीच वाट पाहून राह्यली होती."

"मंग गाडी काऊन उघडाले लावली?"

"गाडीही थरथरत होती ना. ते तुमच्या नावावर कायले टाकाची?"

वर्ध्याच्या डॉक्टरांनी तपासलं. नसांचा आजार आहे, सुरुवात आहे, औषधाने पुष्कळ आराम पडेल, पण दुचाकी आता चालवू नका, असं सांगितलं. मी समजले, आता माझी पाळी. आर्वीचं गिऱ्हाईक पुन्हा येणार.

गिऱ्हाईक आलं नाही. एका सकाळी गोपिकाबाई पदर खोचून माझ्यावर बसल्या. मोपेड चालवणारी बाई मला कशी पेलणार, असं मला वाटलं. पहिल्या दिवशी मी शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दोनदा बंद पडले. पुंडलिकराव बाजूने चालत सांगायचे, "मुठी आवळू नको. ढिल्या ठेव. ते आपोआप सरळ जाते." जे त्यांना स्वतःला कधी जमलं नव्हतं, ते त्यांनी बायकोला शिकवलं. गोपिकाबाईंचे हात हँडलवर इतके अलगद असायचे की मला माझंच वजन जाणवेना.

म्हणून सांगते, मित्रांनो. तुमच्या घरातलं एखादं यंत्र किंवा एखादं माणूस थरथरू लागलं, तर लगेच कोणाला दोष देऊ नका आणि वरून पॉलिश मारून झाकूही नका. उघडून बघा. जे सापडेल त्याची नीट काळजी घ्या.

गेल्या महिन्यात आम्ही रामटेकला गेलो. गोपिकाबाई पुढे, पुंडलिकराव मागे. सेलू सोडल्यावर पुंडलिकराव बोलू लागले ते थांबेचनात. हा पळस पाहा, तो तलाव पाहा, त्या विजेच्या तारेवर किती बगळे बसलेत.

"हे सारं पयलेपासूनच होतं का इथं?" त्यांनी विचारलं.

"होतं," गोपिकाबाई रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "मागं बसलं का दिसते."