गुरुवारचा सराव

मी एक जुनी पेटी आहे, भजनाची, भात्याची. अंबरनाथच्या एका चाळीत, लोखंडी कपाटाच्या बाजूला, निळ्या चादरीखाली तीन वर्षं बसून आहे. मित्रांनो, बंद वाद्याला ऐकण्यापलीकडे काम नसतं. म्हणून जे ऐकलं, ते सांगते.

माझा जन्म उल्हासनगरचा. कॅम्प तीनमधल्या एका कारागिराने सागवानी फळ्या जोडून मला घडवलं आणि पितळेचा एकेक सूर कानाशी धरून घासला. माझी पहिली वर्षं एका सिंधी कुटुंबाच्या सत्संगात गेली. ते मोठ्या घरात राहायला गेले, तेव्हा कमळाकर आढाव मला घेऊन आले.

कमळाकर मूळचे नगरकडचे ख्रिस्ती, आनंदनगरच्या एका रसायनांच्या कारखान्यात ऑपरेटर. त्यांची चर्चची मंडळी बदलापूरला, शिरगावातल्या एका हॉलमध्ये उपासनेला जमायची. रविवारी उपासना आणि गुरुवारी संध्याकाळी गाण्यांचा सराव. दोन्ही दिवशी कमळाकर मला रिक्षातून मांडीवर घेऊन जात. पाऊस असो, अंगात ताप असो, गुरुवार चुकला नाही. मंडळीच्या वर्धापनदिनी पाळकसाहेबांनी त्यांना शाल दिली आणि म्हणाले, "विश्वासूपणा म्हणजे काय ते शिकायचं असेल, तर कमळाकरकडे बघा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू?

पण पाळी सात वाजता संपायची आणि सराव सातलाच सुरू व्हायचा. गुरुवारी कमळाकर अर्धा तास आधी निघत. रसायनाच्या टाकीजवळ त्यांच्या जागी जनू थांबायचा. जनू बारवी धरणापलीकडच्या पाड्यावरचा, ठेकेदाराकडे मजुरीला. एकदा तो आमच्या घरी आला होता. कमळाकरांनी भाता हलवला, त्याने एका बोटाने माझी पट्टी दाबली, आवाज आला तसा हात मागे घेतला आणि खूप हसला.

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशीचा गुरुवार होता. टाकीचा व्हॉल्व्ह गळतोय, हे कमळाकरांनी दोन दिवस आधीच सुपरवायझरला सांगितलं होतं. तरी त्या संध्याकाळी ते निघाले. जनू म्हणाला, "जावा दादा. मी हाय ना." हॉलमध्ये दुसरं गाणं चालू असताना फोन आला. टाकी फुटली होती. जनू जागीच गेला होता.

शनिवारी दुपारी सुपरवायझर अभिजीत घरी आला. पाणी प्यायला आणि टाईप केलेला एक कागद त्याने माझ्यावरच ठेवला.

"कमळाकरदादा, रजिस्टरमध्ये तुम्ही सातपर्यंत हजर आहात. जनूने चुकीचा व्हॉल्व्ह उघडला, तुम्ही पाहिलंत. एवढीच सही करा."

"मी तिथे नव्हतो."

"ते आपल्या दोघांनाच माहीत आहे. यात तुमचं पण झाकलं जातं ना."

"आणि गळतीचं मी बोललो होतो, ते?"

अभिजीत उठला. "सोमवारी चौकशीला साहेब येतायत, विचार करा," म्हणून तो निघून गेला. कमळाकरांची बायको माया दारात उभी होती. ती म्हणाली, "करून टाका सही. पोरीचं बारावीचं वर्ष आहे. जनू काय परत येणार आहे?"

दुसऱ्या दिवशी पुनरुत्थानाचा सण, ईस्टर. हॉल भरलेला. कमळाकर वाजवायला बसले खरे, पण गाण्यात ख्रिस्ताने आमच्या जागी मरण सोसलं, अशा अर्थाची ओळ आली आणि त्यांची बोटं थांबली. भाता मिटला. लोक सुराशिवाय थोडं पुढे गेले, मग तेही गप्प झाले.

कमळाकर उठून उभे राहिले. "माझ्या जागी जनू मेला," ते म्हणाले. "सरावाला वेळेवर यायचं, एवढ्यालाच मी विश्वासूपणा समजत होतो. तो सांभाळायला मी त्याला तिथे उभं करून आलो."

कुणीतरी म्हणालं, "तुम्ही देवाच्याच कामाला आला होता, भाऊ."

"ते देवाच्या अंगावर नका ढकलू," कमळाकर म्हणाले आणि बाहेर गेले. मला त्या दिवशी दुसऱ्याच कुणीतरी घरी पोचवलं.

सोमवारी त्यांनी चौकशीला आलेल्या साहेबांना सगळं सांगितलं, गळतीचंही आणि स्वतःचंही. त्यांची नोकरी गेली, आणि कंपनीने अहवालात जनूचीच चूक लिहिली. कंपनीच्या वकिलाने पुढे कोर्टात म्हटलं की जागा सोडून पळणाऱ्या माणसाचं काय खरं धरायचं? आता ते शिरगावच्या एका बिल्डिंगमध्ये वॉचमन आहेत. मायाने कित्येक दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं.

त्याच आठवड्यात ते पाड्यावर जनूच्या बायकोकडे, चंद्रीकडे गेले. परत आल्यावर त्यांनी मायाला सांगितलं ते मी ऐकलं. चंद्री तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "तू थांबला असतास, तर माझा जनू आज असता."

"हो," कमळाकर म्हणाले.

"मग मी कोर्टात जाणार हाय, दर तारखेला ये. कागदावर त्याची चूक लिवलीय ती पुसंपर्यंत."

"येईन."

तीन वर्षं झाली. तारखा पडतात आणि पुढे जातात. चंद्री सकाळी आमच्या दारात येते, आत येत नाही, पाणी घेत नाही. कमळाकर चपला घालून तिच्यासोबत निघतात. तिने त्यांना माफ केलेलं नाही. त्यांनीही कधी माफी मागितली नाही. माझ्यावरची चादर त्यांनी एकदाही काढली नाही. माझे सूर काळे पडले, भात्याला उंदरांनी भोक पाडलं.

या जूनमधल्या तारखेला कमळाकरांना कावीळ झाली होती. चंद्री दारात आली, तेव्हा ते भिंत धरून उठू लागले आणि खाली बसले. चंद्री म्हणाली, "ऱ्हाऊ दे. मी जाते एकली."

मायाने गॅस बंद केला. खुंटीवरची पिशवी घेतली. "वकिलाने विचारलं, तर काय सांगायचं?" तिने नवऱ्याला विचारलं.

"मी जे सांगितलं तेच."

त्या दोघी गेल्या. संध्याकाळी माया एकटी परतली, पाय धुतले, भात लावला. मग म्हणाली, "ऑगस्टमधली तारीख दिलीय. चंद्री म्हणाली, दोघंही या."

मित्रांनो, जुन्या वस्तूने शेवटी 'मला जपा' अशी विनंती करायची असते. माझा भाता शिवून घ्या, सूर पुसा, कुणी वाजवलं तर मला आनंदच होईल. पण ज्या गुरुवारांसाठी आम्हाला टाळ्या मिळाल्या, ते मला आता नको वाटतात. तुम्ही माझ्याकडे याल, तेव्हा तुमच्या जागी कुणाला उभं करून आलात, ते आधी पाहा. कुणी उभं असेल, तर परत जा. मी थांबेन.