दारापेक्षा रुंद पंख

वैशाखाचं ऊन टेकडीवर सांडलं होतं. पितळी, पिवळंजर्द, पाखरांनाही न पेलणारं. खाली दरीत वारा होता. वर संग्रहालयाच्या दगडी दालनात वाऱ्याचा मागमूस नव्हता. होती फक्त चुन्याच्या वासाची, मुकी, कोंडलेली थंडाई.

त्या थंडाईत पसरले होते पंख.

बांबूच्या बरगड्यांचे, दुधाळ मांजरपाटाचे, वटवाघळासारखे विस्तीर्ण पंख. फार पूर्वी दूरदेशीचा एक वेडा असलेच पंख काखेत घेऊन टेकडीवरून धावत सुटायचा. धावता धावता जमीनच त्याच्या पायाखालून गळून पडायची. त्या यंत्राची ही हुबेहूब प्रतिकृती. इंजिन नाही, चाक नाही. नुसते पंख, नुसती वाऱ्याची वाट बघणं.

ती बांधली भिकाआत्या बुरडिणीनं आणि तिच्या भाचीनं, हौसानं. हौसा सतराची, शाळेला कधीच रामराम ठोकलेली, राग नाकाच्या शेंड्यावर घेऊन फिरणारी.

आत्याच्या घरची रीत होती. नवं सूप एकदा पाखडल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचं नाही. न राबलेली वस्तू पोरकी.

"एकदा उडवतो, सायेब, मग घ्या ताब्यात," आत्या म्हणाली.

संग्रहालयाचे राजोपाध्येसाहेब हसले. "अहो आत्याबाई, हे उडवायचं नाही. छताला टांगायचं, लोकांनी बघायचं."

"मग भिंतीवर चित्रच काढायचं की," हौसा फणकारली. "आमची बोटं कशाला सोलली?"

साहेबांची नजर त्या बोटांवर गेली. रक्ताळलेली, चिंध्या बांधलेली बोटं. हसू ओसरलं.

"न्या. एकदाच. अन् जपून."

हौसा पंखांखाली शिरली. उठली. ऊन-ऊन आभाळाकडे, दाराकडे धावली.

दाराशी थबकली.

आडवे धरले, तिरके धरले, उभे धरले, पंख मावेनात. कापडाला धूळ लागू नये म्हणून साहेबांनी काम आत बसवलं होतं. आणि जन्मभर रस्त्याकडेला, उघड्या आभाळाखाली विणणाऱ्या त्या दोघींना दाराचं माप कधी लागलंच नव्हतं.

उंबऱ्यापलीकडे उतार. उतारावर गवत. गवतावर वारा, सळसळता, सोनेरी, चार पावलांवर.

"कापू?" हौसानं बांबू तासायचा कोयता उचलला.

"कापल्यावर काय उडतंय, पोरी?"

कोयता खणकन फरशीवर पडला. हौसा वळली आणि दालनातच धावली; या भिंतीपासून त्या भिंतीकडे, दात आवळून, डोळे भरून. कापड फुगलं. बरगड्या करकरल्या. टाचा सुटल्या, चवडे सुटले. एक पाऊल, एकच पाऊल, जमिनीविना पडलं.

आणि भिंत आली.

तळवे दगडावर आपटून ती थांबली.

"उडालं," आत्या हळूच म्हणाली. "घ्या, सायेब."

"हे उडणं नव्हं, आत्या."

आत्यानं छताला टांगायच्या तारेचं वेटोळं उचललं आणि एक टोक हौसाच्या हाती दिलं. हौसानं गाठ मारली. घट्ट, रागानं, बघता बघता.

संध्याकाळी दार लागलं. कुलूप लागलं. दरीतला वारा चढून आला, दाराच्या फटीतून सरपटत आत शिरला. छताखालचं कापड भरून आलं, छातीसारखं. क्षणभर तसंच राहिलं, मग बसलं. पुन्हा भरलं. पुन्हा बसलं.