पंचविसाव्या चापाशी

शामकलाबाईंना सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. वालाच्या शेंगा सोलायला घेतल्या, त्या अर्ध्यावर टाकून अंगणात आल्या. अंगणातून फाटकाशी, फाटकातून परत ओसरीवर. घर बिरसीला, विमानतळाच्या अंगाला, त्यामुळे वैमानिक शिकवणाऱ्या शाळेची छोटी विमानं दिवसभर डोक्यावरून घोंघावत जायची. खाली यायची, धावपट्टीला चाकं टेकवायची की लगेच पुन्हा वर. एरवी बाईंना ते आवाज ऐकूही येत नसत. आज प्रत्येक विमान आपल्याच छातीवर टेकून उडतंय असं त्यांना वाटत होतं.

आज चेतनाची सरावाची चाचणी होती. चेतना त्यांची नात, वय चोवीस, गोंदियाच्या पोलीस मुख्यालयात शिपाई. आईबाप कोहमाऱ्याला ढाबा चालवायचे, पोरगी आजीजवळ राहायची. जिल्ह्याच्या रिव्हॉल्व्हर नेमबाजीच्या संघात एक जागा रिकामी झाली होती आणि ती यंदा बाईमाणसालाच द्यायची असं ठरलं होतं. पुढच्या वर्षी स्पर्धेतून रिव्हॉल्व्हर जाणार, सगळं पिस्तूलच येणार. म्हणजे ही शेवटची जागा. ती चेतनाला मिळावी म्हणून शामकलाबाईंनी दोन वर्षं जिवाचं रान केलं होतं.

निवड भोजराज साहेबांच्या हाती. त्यांची पद्धत जुनी होती. आधी गोळी नाही, निशाणा नाही, फक्त बोट. रिव्हॉल्व्हरच्या सहाही घरांत झाडलेली रिकामी काडतुसं भरायची, हात सरळ पुढे धरायचा आणि चाप ओढायचा. अंगठ्यानं घोडा मागे घ्यायचा नाही. घोडा उचलणं, चक्री फिरवणं आणि घोडा सोडणं ही तिन्ही कामं एकट्या बोटानं चापाच्या एका ओढीत करायची. याला डबल ॲक्शन म्हणतात, आणि चाप असा काही जड असतो की विसाव्या ओढीला कोपरापर्यंत कळ जाते. पहिल्या फेरीत मिनिटाभरात किती ओढी होतात ते बघायचं. दुसऱ्या फेरीत नळीवर रुपयाचं नाणं ठेवायचं आणि साहेबांच्या मोबाइलवर जी टिकटिक वाजते तिच्या ठोक्याला एक अशी ओढ, बोट हरेपर्यंत. नाणं पडलं की बाहेर. दोनदा ठोका चुकला तरी बाहेर.

शामकलाबाईंना या पद्धतीचं नवल नव्हतं. पोलिसातल्या छत्तीस वर्षांच्या नोकरीतली तीस वर्षं त्यांनी शस्त्रागारात काढली होती, तेल, चिंध्या आणि नोंदवह्या यांच्यात. आणि त्याआधी, वयाच्या आठव्या वर्षापासून, आई कलाबाईच्या शेजारी बसून बिड्या वळल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात ओला तेंदूपत्ता, एका बाजूला तंबाखू. दिवसाला हजार बिड्या वळणारं बोट चापाला काय भिणार, असं त्या म्हणायच्या.

सरकारी रिव्हॉल्व्हर घरी आणता येत नाही. म्हणून त्यांनी नवऱ्याच्या जुन्या सायकलीच्या ब्रेकला दोन जाड स्प्रिंगा जोडल्या होत्या. सायकल ओसरीवर स्टँडला उभी. चेतना रोज संध्याकाळी हात लांब करून एका बोटानं ब्रेक ओढायची, आणि आजी मोजायची, तिला येत होतं तसं. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा. पंचवीस झाल्या की आजी म्हणायची, "बांधला," आणि ताटलीत वालाचा एक दाणा टाकायची. असे आठ कट्टे पोरगी सहज करायची.

दुपारी चेतना आली. स्कूटी लावली, पण हेल्मेट काढून हातातच धरून राहिली.

"आजी, माहं बोट थांबून राहिलं."

"थकलं काय?"

"थकलं नाई. थांबते. पंचवीसवर, मंग पन्नासवर, मंग पंच्याहत्तरवर. भोजराज साहेबानं लिहूनच घेतलं. म्हणाले, शुक्रवारी असं झालं तर पन्नासवरच घरी जाशील."

बाईंचा विश्वास बसेना. साहेबांचा मोबाइल बिघडला असेल, रुचीनं मध्येच काही बोलून लक्ष उडवलं असेल, अशा शंका त्यांनी काढल्या. रुची म्हणजे उरलेली दुसरी उमेदवार, हिच्याच तुकडीतली. चेतनानं सरळ सायकलीचा ब्रेक धरला. या वेळी बाईंनी तोंड बंद ठेवलं, मनातसुद्धा मोजलं नाही, फक्त भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्याकडे पाहत राहिल्या. टक, टक, टक. आणि मग एका ठिकाणी काटा पुढे गेला, बोट गेलं नाही. एका श्वासापुरतं थांबलं आणि पुन्हा चालू झालं.

कट्टा बांधायला वेळ लागतो तेवढंच.

शामकलाबाई उठल्या. आत जाऊन सकाळच्या शेंगा सोलायला बसल्या, आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या हातांकडे पाहिलं. शेंग फोडली, दाणे टाकले. शेंग फोडली, दाणे टाकले. पंचविसाव्या शेंगेला हात थबकला. कोणी सांगितलं नव्हतं. बिडी सोडून त्रेचाळीस वर्षं झाली होती.

मग त्यांना दुर्गाप्रसाद आठवला, आणि त्या शेंगांचं सूप तसंच ठेवून उठल्या.

दुर्गाप्रसाद म्हणजे भंडाऱ्याच्या शस्त्रागाराचा हवालदार. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. सत्त्याऐंशी साली जिल्ह्याचा संघ निवडायचा होता, आणि बायांनाही बोट आजमावू द्या असं वरून आलं होतं. दुर्गाप्रसाद गोळ्यांच्या पेटीच्या झाकणावर बोटानं ठोका द्यायचा. शामकलानं रिव्हॉल्व्हर धरलं. पन्नास झाल्यावर त्यानं ठोका थांबवला आणि वहीतलं नाव खोडलं. ती म्हणाली, माझं बोट थकलेलं नाही. तो म्हणाला, "थकलं नाई पोरी, पण तुहं बोट कोनाची तरी वाट पाहून राहिलं." बाकीचे हसले. तेव्हा तिचा नवरा कामासाठी परगावी होता, म्हणून तिला तो टोमणा वाटला. बाईच्या हातात रिव्हॉल्व्हर पाहवलं नाही या माणसाला, असं तिनं ठरवून टाकलं. पुढे तीच गोष्ट तिनं नवऱ्याला सांगितली, मुलाला सांगितली, नातीला तर शंभरदा सांगितली. दुर्गाप्रसादच्या निवृत्तीच्या चहाला सगळं शस्त्रागार गेलं, ती एकटी वह्या लिहीत बसली. जाताना तो दारात थांबून "येतो बाई" म्हणाला होता. तिनं मान वर केली नव्हती.

तो वारला त्यालाही आता बारा वर्षं झाली.

हे सगळं शामकलाबाईंनी पोटातच ठेवलं. मंगळवारी त्यांनी नवी युक्ती काढली. रिव्हॉल्व्हरला सहा घरं, तर सहासहानं मोज. चेतनानं सहासहानं मोजलं, तरी चौथ्या सहाच्या पुढच्या ओढीला बोट थांबलं. बुधवारी उलटं मोजून पाहिलं. मोबाइलवर गाणी लावून पाहिली. बोट कोणाचं ऐकेना. चेतनाला भाजी आळणी लागायला लागली, बाईंना जेवणच जाईना. त्या अंगणात फिरायच्या, तुळशीपासून विहिरीपर्यंत, आणि विमानं टेकायची आणि उडायची.

गुरुवारी दुपारी पाणी शेंदता शेंदता त्यांचा हात थांबला. बिडी कारखान्यातला चेकर आठवला. तो कट्टे हातात तोलायचा आणि एखादा परत फेकायचा. यात सत्तावीस आहेत, यात एकोणतीस. मग आईकडे पाहून म्हणायचा, "कलाबाई, आज कोनाशी भांडलीस?" कट्टा चुकायचा तो भांडणाच्याच दिवशी. शेजारणीशी बोलाचाली सुरू झाली की बोटं वळत राहायची, थांबायचं विसरायची.

संध्याकाळी चेतनानं ब्रेक धरला, तेव्हा बाईंनी दाण्यांची ताटली आणलीच नाही. स्टुलावर बसल्या आणि भांडण उकरून काढलं. दूध काल कोणी उतू घालवलं. स्कूटी रोज चिखलाची आणून ओसरी कोण घाण करतं. कोहमाऱ्याला आईला फोन केला नाही चार दिवस, आईबाप काय म्हणतील. चेतना आधी हूं हूं करत राहिली. मग म्हणाली, आजी, आज हे काय लावलंस. बाई थांबल्या नाहीत. आळशी झालीस, म्हणाल्या. माझ्यासारखं बोट असतं तर कधीच निवड झाली असती.

ते तिला लागलं.

"तुह्यासारखं बोट," चेतना म्हणाली. हात तसाच लांब होता, ब्रेक वाजतच होता. "दोन वर्षं झाली आजी, या घरात दुसरं बोलणं नाई. दुर्गाप्रसादनं असं केलं, दुर्गाप्रसादनं तसं केलं. म्या त्या मानसाले पाह्यलंबी नाई. त्याचा सूड मी कायले घेऊ? तुले पाह्यजे ते तू मांग. मले काय पाह्यजे ते कोनी इचारलं?"

शामकलाबाईंनी पदर तोंडाला लावला, पुन्हा खाली घेतला.

"त्यानं काही केलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं. झाकणावरचा ठोका, पन्नासावर थांबलेलं बोट, वालाच्या शेंगा. कट्टा बांधायची खोड आईनं मला दिली आणि मी तुला दिली, दोघींना माहीत नसताना. त्या माणसानं ती एका नजरेत ओळखली होती. सांगता सांगता त्यांच्या लक्षात आलं की ब्रेक अजून वाजतोय.

"किती झाले?" त्यांनी विचारलं.

चेतनानं ब्रेक सोडला. बोट लालभडक झालं होतं. "कोनी मोजलं?" ती म्हणाली. ब्रेक मध्ये कुठेच थांबला नव्हता.

मग बाई म्हणाल्या, उद्या जायचं नसेल तर नको जाऊ, मी काही म्हणणार नाही. चेतनानं बोट चोळलं.

"जाईन मी. मले पाह्यजे. पन माह्यासाठी."

शुक्रवारी शामकलाबाई स्कूटीच्या मागे बसून गोंदियाला गेल्या. घरी थांबेन असं चार वेळा म्हणून झालं होतं, पण पोरीनं चावी लावली तेव्हा त्या चपला घालून उभ्याच होत्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापून झालेलं, बांध्यांत नुसती खुंटं. मुख्यालयाच्या मैदानावर भोजराज साहेबांनी त्यांच्यासाठी खुर्ची आणवली. ते नवे भरती झाले तेव्हा त्यांना पहिलं शस्त्र याच बाईंनी सही घेऊन दिलं होतं.

पहिल्या फेरीत रुची पुढे होती. मिनिटात एकशे बारा ओढी. चेतनाच्या एकशे चार. साहेब म्हणाले, दुसरीवर ठरेल. दोघींना शेजारी उभं केलं, नळ्यांवर नाणी ठेवली आणि मोबाइल सुरू केला.

बाईंचा हात पदराखाली होता आणि तर्जनी गुडघ्यावर आपोआप चालू झाली होती. त्या मोजत होत्या. बावीस, तेवीस, चोवीस, पंचवीस. गुडघ्यावरचं त्यांचं बोट थबकलं.

मैदानावरचा आवाज थबकला नाही. ठोक्याला ठोका, दोन्ही रिव्हॉल्व्हरचा.

चेतनाचे ओठ हलत होते. ती मोजत नव्हती. भुवया चढल्या होत्या, मान जराशी झटकायची आणि पुन्हा सरळ व्हायची, नाणं न हलवता. पन्नासाव्यालाही बाईंचंच बोट थांबलं. मग त्यांनी तो हात दुसऱ्या हातात घट्ट धरून ठेवला आणि पुढचं मोजलं नाही. डोक्यावरून एक विमान गेलं, त्याचा आवाज विरून गेला, आणि चाप वाजतच राहिले. रुचीचं कोपर थरथरायला लागलं. ती चांगली पोरगी होती, दात आवळून आणखी कितीतरी ओढली. मग तिचं नाणं नळीवरून घरंगळलं आणि मातीत पडलं.

चेतनाला ते कळलंच नाही. साहेबांनी दोनदा "बस" म्हटलं तरी ती ओढत राहिली. शेवटी त्यांनी तिच्या मनगटाखाली हात धरला तेव्हा ती थांबली. नाणं त्यांनीच उचलून घेतलं.

"माझे एकशे सव्वीस भरतात," ते बाईंच्या खुर्चीपाशी येऊन म्हणाले. "तुम्ही मोजत होत्या ना बाई, बरोबर आहेत?"

"मी नाही मोजले," शामकलाबाई म्हणाल्या. साहेबांनी जरा नवलानं पाहिलं आणि वहीत नाव लिहिलं. बाईंनी मान उंचावून वहीत पाहिलं, नाव नीट लिहिलंय ना म्हणून.

चेतनानं रुचीला पाणी दिलं, स्वतः प्यायली, आणि सुजलेलं बोट ओल्या रुमालात गुंडाळून आजीजवळ आली.

"कोनाशी भांडून राहिली होतीस एवढी?" बाईंनी विचारलं.

"तुह्याशीच," चेतना म्हणाली. "अन् तू हारून राहिली होतीस."

बाई स्कूटीवर मागे बसल्या. स्कूटी फाटकाबाहेर आल्यावर त्यांनी मागून पोरीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, सरळ घरी नको नेऊस, दवनीवाड्याकडून घे. तिथं दुर्गाप्रसादची बायको रुख्मा असते लेकाजवळ. तिच्याकडे चहा घ्यायचा राहून गेलाय.