वीसपैकी वीस

"बाई, नियमच आहे म्हणून देते हो," असं म्हणत आहारतज्ज्ञ मुलीने प्रश्नपत्रिका माझ्यापुढे सरकवली. आहारशास्त्राच्या वर्गात ती माझी विद्यार्थिनी होती आणि हा पेपर मीच कधीकाळी काढलेला. किडनी देणाऱ्याला आहारातलं किती कळतं, ते तपासायचे वीस प्रश्न. चार मिनिटांत सोडवले. वीसपैकी वीस. तिला माझ्याकडे बघवेना, कारण नुकतीच मी काट्यावर अठ्ठ्याण्णव किलो भरले होते.

धाकट्या भावाचं डायलिसिस सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. जुळली ती फक्त माझी किडनी. डॉक्टर म्हणाले, एवढ्या वजनावर किडनी काढता येणार नाही; तीन महिन्यांत पंच्याऐंशीच्या खाली या, लगेच तारीख देतो. त्याहून जास्त थांबण्याची ताकद भावात नव्हती.

"म्हणजे माझा जीव ताईच्या तोंडावर अवलंबून," भाऊ हसत म्हणाला. "कठीण आहे बुवा! लोकां सांगे ब्रह्मज्ञान..."

"पुरे हं! तेरा किलो म्हणजे माझ्या हातचा मळ."

मला ते मनापासून खरं वाटत होतं. तीस वर्षं मी हेच शिकवत आले, की माणसाला नीट कळलं की वळतंच. वर्गातल्या मुली एखाद्या जाड पेशंटला हसल्या की मी त्यांना फैलावर घ्यायचे. अगं, त्याला माहीत नसतं, सांगा त्याला! काय मूर्ख होते मी. त्याला सगळं माहीत असतं.

पहिल्या महिन्यात चार किलो उतरले. मग भावाच्या फुप्फुसात पाणी झालं आणि त्याला दाखल करावं लागलं. दिवसाला अर्धा लिटर पाणी, एवढीच त्याला परवानगी. भावजय मोजून द्यायची आणि तो घोट तोंडात घोळवत बसायचा. तिथून उठले की मी तडक खालच्या कँटीनला. क्रीमच्या बिस्किटांचा पुडा जिन्यात उभ्या उभ्या संपवायचे. पुड्यात साखर किती, चरबी किती, सगळं तोंडपाठ. खातानाही मनात बेरीज चालूच. भूक नव्हतीच. भीती होती, आणि तोंड चालू असेपर्यंत ती गप्प बसायची. मग स्वतःची इतकी किळस यायची की मी दुसरा पुडा फोडायचे.

तीन महिन्यांनी काट्याने एकशे एक दाखवले. माझ्या विद्यार्थिनीने आकडा दोनदा वाचला आणि मान खाली घातली. डॉक्टर म्हणाले, "बघू पुढे." पुढे काही नव्हतं, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

भावाला मीच सांगितलं. मग त्याने भावजयीला काहीतरी निमित्त काढून बाहेर पाठवलं.

"ताई, खरं सांग. तुला द्यायची नव्हती ना? ऑपरेशनला घाबरलीस ना? तसं असेल तर मला राग नाही गं. कुणीही घाबरेल."

तो जवळजवळ विनवत होता. ज्याची क्षमा करता येईल असं कारण त्याने स्वतःच शोधून ठेवलं होतं. बिस्किटांपायी बहिणीने ही संधी घालवली, हे मनात घेऊन त्याने कसं मरायचं?

"हो," मी म्हटलं. "घाबरले."

"मग ठीक आहे," म्हणून त्याने माझा हात थोपटला.

मी वळले तर दारात भावजय उभी. तिने सगळं ऐकलं होतं. त्या दिवसानंतर तिने मला त्याच्या खोलीत पाऊल टाकू दिलं नाही. तो गेल्याचंही मला शेजाऱ्यांकडून कळलं.