सामलचं पाऊल माझ्यावर अडलं तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी जमीन आहे, उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवरच्या एका नाचघरातली! आमच्याकडे झाडं औषधालाही नाहीत, म्हणून किनाऱ्याला लागलेल्या फुटक्या जहाजाच्या फळ्यांतून मला घडवलं. तेव्हापासून मी माणसं ओळखते ती पायांवरून.

इथल्या नाचाला वाद्य नसतं. हातात हात घालून साखळी करायची, म्होरक्यानं पोवाडा उचलायचा, बाकीच्यांनी धृपद धरायचं. दोन पावलं डावीकडे, एक उजवीकडे! चाळीस वर्षं म्होरक्या होता सामल. त्यानं टाच आपटली की माझे खिळेसुद्धा खूश व्हायचे.

मग त्याची टाच घासू लागली. पावलं मुंगीएवढी झाली, आवाज खाली गेला. दारापाशी वळताना तर पाय माझ्यातच रुतल्यासारखे अडायचे. काहींना वाटलं, प्यायलाय! डॉक्टरांनी सांगितलं, पार्किन्सन. पायातलं बळ गेलं नव्हतं; न विचारता पाऊल उचलायला लावणारा मेंदूचा भाग थकला होता.

त्याचा डावा हात धरायचा बालमित्र पोल. सामल अडला की तो मायेनं ओढायचा. एकदा असाच ओढला आणि सामल माझ्यावर तोंडघशी पडला. मला माझ्याच कठीणपणाचा राग आला. सामलनं नाच सोडला. लोक नव्या हॉलकडे वळले आणि माझ्यावर मोडक्या खुर्च्या रचल्या गेल्या.

एका मंगळवारी खुर्च्या हलल्या! फिजिओथेरपिस्ट रान्वा सामलला घेऊन आली. तिनं माझ्यावर पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या. काय गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू!

"सामलकाका, पट्टी ओलांडा. मोठं पाऊल!"

"अगं, डोकं हुकूम सोडतं, पण पाय ऐकतात कुठे?"

"मग गाण्याला हुकूम सोडू दे. आणि मोठ्यानं गा, खाडीतल्या बोटीला ऐकू गेलं पाहिजे!"

पहिल्या दिवशी चार पट्ट्या झाल्या. औषध वेळेवर आणि व्यायाम रोज, हा तिचा नेम. "रोग जाणार नाही, काका," ती स्पष्ट म्हणाली, "पण सराव ठेवलात तर नाचता येईल."

पोललाही तिनं बोलावलं. "ओढू नका हो! बैल आहेत का ते?"

"चाळीस वर्षं हात धरलाय मी त्याचा, पोरी!"

"धराच की. पण अडले तर थांबा, जागच्या जागी तालात डुला. पाऊल त्यांचं ते उचलतील."

फेब्रुवारीतला, ईस्टरच्या उपासांआधीचा नाच आला. साठ माणसं पुन्हा माझ्यावर! सामलनं पोवाडा उचलला, खणखणीत! तिसऱ्या कडव्याला साखळी दारापाशी वळली आणि त्याचे पाय अडले. आवाज तुटला. म्होरक्या गप्प, म्हणजे नाच संपला. पोलच्या पायांचे अंगठे माझ्यावर दाबले गेले. आता हा ओढणार! माझ्या फळ्या थरथरल्या.

पण त्यानं अंगठे सैल सोडले. तो डुलू लागला आणि भसाड्या आवाजात त्यानं स्वतःच धृपद धरलं. सगळी साखळी जागेवर डुलू लागली. एकदा, दोनदा, तीनदा तेच धृपद. कुणी घाई केली नाही.

आणि धाड! सामलची टाच! अहाहा, मित्रांनो, काय मोठं पाऊल होतं ते!

कडवं संपताच तो म्हणाला, "गाढवा, तुझा सूर अजून तसलाच आहे!" पोल हसता हसता रडला.

मित्रांनो, माझ्यावर खुर्च्या रचू नका, वर्षातून एकदा तेल पाजा, एवढं माझं मागणं. आणि तुमच्या शेजारी कुणाचं पाऊल अडलं, तर त्याला ओढू नका. हात धरा आणि धृपद पुन्हा म्हणा.